निघतो सरांचं शेल

संस्थेतल्या मुलांनी सरांचं नाव 'निघतो सर' ठेवलं होतं. हे नाव सरांच्या कानावर गेलेलं नाही असं मुलांना वाटायचं, आणि ते कधीच गेलंय हे मुलांना कळू नये म्हणून सर जपायचे. दोन्ही बाजू सुखात होत्या.

नाव उगाच पडलं नव्हतं. तास संपला की सर फळा पुसत, हात झटकत, "निघतो" म्हणत आणि दारापर्यंत जात. दारात त्यांना छत्री आठवायची. छत्री बारा महिने असायची; पावसाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मग परत येऊन खुर्चीच्या पाठीवरची छत्री घेत, "बरं, निघतो" म्हणत आणि खरोखर बाहेर पडत. नवखी मुलं इथं दप्तरं आवरायला लागत. जुनी मुलं त्यांना बाही धरून खाली बसवत, कारण खिडकी अजून बाकी असायची. सर व्हरांड्यातून चालत खिडकीशी येत, डोकं आत घालत, पुढच्या तासाला काय वाचून यायचं ते सांगत आणि तिसऱ्यांदा म्हणत, "निघतो." मग वर्ग उठायचा. आधी उठलेल्या मुलाकडे सर असे बघायचे की तो पुन्हा बसायचा.

घरी तीच तऱ्हा. सरांची बायको पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. सकाळी सर निघाले की पहिल्या 'निघतो'ला ती मशीनवरून मानही वर करत नसे. दुसऱ्याला "हं" म्हणायची. तिसऱ्याला मशीन थांबवून "सावकाश जा" म्हणायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती पहिल्याच 'निघतो'ला दारापर्यंत यायची म्हणे. पुढे पाय दुखायला लागले, तेव्हा सोडलं. आणि हा माणूस कुणाकडे पाहुणा म्हणून गेला की मग तर विचारूच नका. यजमान बिचारे दारात उभे, एक हात कडीवर, आणि सर चपला पायात घालून नवा विषय काढतायत.

आता सर शिकवायचे काय, तर सी. सी ही कॉम्प्युटरशी बोलायची एक जुनी, काटेकोर भाषा. तिथं लाड नाहीत, समजूत काढणं नाही. एक अर्धविराम राहिला की पानभर बोलणी खायची. आणि त्या भाषेत सर दरवर्षी मुलांना एक शेल लिहून दाखवायचे आणि त्यांच्याकडूनही तसंच लिहून घ्यायचे. शेल म्हणजे कॉम्प्युटरच्या दाराशी बसलेला कारकून समजा. तुम्ही हुकूम टाइप करायचा, त्यानं तो वाचायचा, काम करवून घ्यायचं आणि पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघत बसायचं की पुढे काय. तुमचं काम संपलं की 'एक्झिट' लिहायचं, म्हणजे कारकून उठून घरी.

हे शेल सरांनी स्वतः लिहिलं होतं, मुलगा रांगत होता तेव्हा, एका लांब सुट्टीत. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, शेल तेच राहिलं. सरांनी आयुष्यात आपल्या हातानं केलेली आणि अजून उभी असलेली वस्तू ती एवढीच. स्वयंपाकघरात एकदा त्यांनी फळी ठोकली होती. ती डब्यांसकट खाली आली. तो विषय घरात सरांसमोर काढत नाहीत, सर नसताना काढतात.

तर या शेलला एक खोड होती. एक्झिट लिहिलं तरी ते उठायचं नाही. दुसऱ्यांदा लिहावं लागायचं, बहुतेकदा तिसऱ्यांदाही. दुसऱ्या कुणी याला चूक म्हटलं असतं. सरांनी त्याचा नियम केला. लॅबच्या भिंतीवर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी होती: 'शेल बंद करताना एक्झिट तीनदा लिहावे.' कुणी कारण विचारलं तर उत्तर तयार असायचं. "पहिलं म्हणजे विनंती, दुसरं म्हणजे खात्री, तिसरं म्हणजे निरोप. चालत्या यंत्राला असं फटकन उठवून लावू नये." मुलांना हे पटायचं. सरांकडे बघून तर जास्तच पटायचं. त्यांचा एक जुना विद्यार्थी आता कुठल्याशा बड्या कंपनीत साहेब आहे. तो अजूनही तीनदा एक्झिट लिहितो, आणि साहेबांनी दुनिया पाहिलीय म्हणून त्याच्या हाताखालचे लोकही मुकाट्यानं तेच करतात.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात घरात सूनबाई आली. तीही कॉम्प्युटरचीच, पण दुसरीकडे शिकलेली, आणि लग्नानंतर सरांच्याच विभागात शिकवायला लागली. सासरा आणि सून एकाच बसनं जायचे. संस्थेच्या फाटकाच्या अलीकडे "बाबा, डबा घेतलात ना" आणि पलीकडे "सर, पहिला तास माझा आहे" असा कायदा सरांनीच घालून दिला होता. तेही फाटक ओलांडलं की तिला 'मॅडम' म्हणायचे, अहो-जाहो करायचे, आणि संध्याकाळी फाटकाबाहेर पाऊल पडलं की लगेच, "अगं, भाजी काय आणायची ते आईला विचारलंस का?"

सूनबाई दहा बोटांनी टाइप करायची, कीबोर्डकडे न बघता, गप्पा मारत. सर दोन बोटांनी, एकेक अक्षर हुडकून, आणि त्यातही त्यांचं डावं बोट फार उतावळं. हे डावं बोट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. शेवटचा तास शनिवारी. त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच विभागप्रमुख बाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. बाई एकेकाळच्या सरांच्याच विद्यार्थिनी, त्यामुळे त्यांना काही सुनवायचं म्हणजे बाईंची पंचाईत व्हायची. त्यांनी एक तपासनीस प्रोग्राम बसवला होता. तो मुलांच्या शेलला आपणहून हुकूम देणार, बरेचसे बरोबर, एखादा मुद्दाम चुकीचा, शेवटी एक्झिट लिहिणार आणि शेल बंद झालं की गुण देणार. बाईंनी तो आधी सरांच्याच शेलवर चालवून पाहिला. सगळं नीट पार पडलं, तपासनिसानं एक्झिट लिहिलं आणि शेल उठायची वाट बघत बसला. बाई चहा पिऊन आल्या तरी बसलेलाच होता.

"सर, आता एकेकाचं हातानं तपासणं होत नाही," बाई टेबलावरची पेन्सिल सरळ करत म्हणाल्या. "शनिवारपर्यंत ते एका एक्झिटला बंद झालं तर पुढेही तेच शिकवू. नाहीतर मग पुस्तकातलं घ्यावं लागेल."

"शेलमध्ये काही चूक नाही," सर म्हणाले. "तुमच्या तपासनिसाला रीत नाही." आणि "निघतो" म्हणून उठले. तीनदा.

पण व्हरांड्यात आल्यावर त्यांचा चेहरा उतरला. खुर्ची सुटणार, पगार थांबणार, याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. आपण गेल्यावरही या वर्गात आपलं शेल लिहिलं जाईल, पोरं त्याच्याशी झगडतील, त्याला शिव्या देतील, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं. आता तेही शनिवारी जातंय की काय, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

त्या संध्याकाळी ताटावरच विषय निघाला.

"बाबा, एक सांगू?" सूनबाई म्हणाली. "मी एक्झिट लिहिलं की ते एकदाच लिहिल्यावर बंद होतं."

"शक्य नाही."

"रोज होतं."

"तुझा कीबोर्ड नवा आहे."

"कीबोर्डचा काय संबंध?"

"नव्या कीबोर्डवर एकदा दाबलं की तीनदा उमटतं. मी पाहिलंय."

सरांनी असलं काहीही पाहिलेलं नव्हतं. मुलानं मूग गिळले. तो शाळेत असल्यापासून तीनदा लिहीत आला होता, आणि बायकोसमोर ते कबूल करायची ही वेळ नव्हती. सरांची बायको म्हणाली, "अहो, ती म्हणतेय तर बसा की एकदा तिच्या शेजारी. काय बिघडतंय?"

"बसतो. पण चूक सापडायची नाही. जी नाहीच, ती सापडेल कुठून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅब रिकामी होती. सर आणि सूनबाई एकाच कॉम्प्युटरपुढे बसले. सरांनी शेल चालवलं. तीनदा एक्झिट लागलं. मग त्याच खुर्चीत, त्याच कीबोर्डवर सूनबाईनं चालवलं. एकदा लिहिलं आणि शेल गेलं. पुन्हा सर, पुन्हा तीनदा. पुन्हा ती, पुन्हा एकदा. कीबोर्डला बोल लावायची सोय आता उरली नाही. सरांनी खुर्चीकडे एकवार संशयानं पाहिलं.

कुठंतरी पाणी मुरतंय हे त्यांनाही मान्य करावं लागलं. सरांची चूक शोधायची पद्धत जुनी आणि घरगुती. प्रोग्राममध्ये जागोजागी 'हे वाक्य पडद्यावर छाप' अशा ओळी पेरायच्या, म्हणजे प्रोग्राम चालता चालता आपण कुठवर आलो ते सांगत जातो. त्यांनी छापायला लावलं: 'हुकूम वाचला.' 'शब्द तोडले.' 'कामाला धाडलं.' आणि एक्झिट लिहिल्यावर जिथं शेलनं संपायचं, त्या ओळीच्या बरोब्बर आधी, फारसा विचार न करता, हाताला आलं ते लिहिलं: 'निघतो.'

शेल चालू केलं, चार हुकूम दिले, एक्झिट लिहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली: निघतो. आणि त्याच्या खालच्या ओळीत शेल पुन्हा हजर, पुढच्या हुकमाची वाट बघत.

सूनबाईनं ओठ दाबून धरले. सरांनी पुन्हा एक्झिट लिहिलं. निघतो. आणि पुन्हा हजर. तिसऱ्यांदा लिहिलं. निघतो. आणि मग गेलं.

सूनबाई उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ बाहेरचं झाड बघत राहिली. तिचे खांदे हलत होते.

"मॅडम," सर म्हणाले, "हसायचं असेल तर बसून हसा."

घरी हे कळल्यावर सरांच्या बायकोनं चालतं मशीन थांबवलं. "म्हणजे तुमच्यावरच गेलंय म्हणा की," ती म्हणाली. "मुलगा माझ्यावर गेला म्हणून तुम्हाला वाईट वाटायचं ना? झालं आता समाधान." आणि पुन्हा मशीन सुरू केलं, पण टाका वाकडा पडला, कारण तिलाही हसू आवरत नव्हतं.

पुढच्या दिवशी मात्र सर चिडलेले नव्हते, कोड्यात पडले होते. 'निघतो' छापलं जात होतं, म्हणजे शेल त्या ओळीपर्यंत पोचत होतं. पुढची ओळ नुसती संपण्याची. तिच्यात चुकायला जागाच नव्हती.

"ते निघतो म्हणतंय आणि निघतंयसुद्धा," सर म्हणाले. "मग मागे बसलंय कोण?"

"सर, नंबर छापून बघू या?" सूनबाई म्हणाली. "चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला कॉम्प्युटर एक नंबर देतो. शेलनं हुकूम मागायच्या आधी आपला नंबर सांगायचा."

"नंबर कशाला? शेल एकच आहे."

"एकच असेल तर एकच नंबर दिसेल."

सरांनी ती ओळ घातली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, सर दरवर्षी वर्गात सांगायचे ती. शेल काही स्वतः काम करत नाही. हुकूम आला की ते आपलीच एक हुबेहूब प्रत काढतं. मूळ शेलला सर 'आई' म्हणायचे आणि प्रतीला 'पोर'. आई पोराला कामावर धाडते आणि ते काम उरकून मोकळं होईपर्यंत दाराशी थांबते. पोर गेलं की आई पुन्हा आपल्या जागेवर येऊन पुढचा हुकूम मागते. आई थांबते, यावर सरांचा फार जोर. "पोराची वाट न बघणारं शेल मी तपासणार नाही," असं ते दर वर्षी बजावायचे.

तर सर टाइप करायला लागले. पहिला हुकूम त्यांचा नेहमीचा, फायलींची यादी मागणारा, दोनच अक्षरं: एल आणि एस. उजव्या बोटानं एल मारायचा, मग डाव्यानं एस. पण डावं बोट उतावळं. एस आधी पडला. 'असा हुकूम नाही,' शेलनं सांगितलं. सरांनी "च्" केलं आणि पुन्हा नीट लिहिलं. यादी आली.

"थांबा," सूनबाई म्हणाली. "नंबर बघा."

नंबर बदलला होता. चुकीच्या आधी एक होता, चुकीनंतर दुसराच. सरांनी चष्मा पुसून पाहिलं. पुढचे दोन हुकूम बरोबर पडले. नंबर तोच राहिला. मग एका शब्दात एक अक्षर दोनदा पडलं. असा हुकूम नाही. आणि नंबर पुन्हा नवा.

सरांनी एक्झिट लिहिलं. निघतो. आणि मधला नंबर परत आला. एक्झिट. निघतो. आणि सगळ्यात पहिला नंबर आला. एक्झिट. निघतो. आणि पडदा रिकामा झाला.

सरांना तिथंच कळलं, सूनबाईला बोलावंही लागलं नाही. पोराला हुकूम सापडला नाही की ते 'असा हुकूम नाही' असं सांगत होतं. तिथवर ठीक. पण सांगून झाल्यावर 'आता तू जा' हे सरांनी त्याला लिहिलंच नव्हतं. मग ते कशाला जातंय? ते आईच्या जागेवर बसायचं, तिच्याच आवाजात 'पुढे काय' म्हणून विचारायचं, आणि पोराची वाट बघायची एवढंच ठाऊक असलेली आई दाराशी उभी ती उभीच. जितक्या चुका तितकी पोरं घरात, आणि शेवटी एकेकाला उठवत बसायचं. सूनबाईच्या हातून अक्षर चुकत नसे, म्हणून तिचं शेल एका एक्झिटला बंद. तपासनीस मुद्दाम एक चुकीचा हुकूम द्यायचा, म्हणून तो ताटकळायचा. आणि ज्या मुलांचं शेल पहिल्याच एक्झिटला जायचं, त्यांचं दुसरं एक्झिट, पडद्यावरच्या ज्या खिडकीत शेल चालायचं, त्या खिडकीला लागायचं आणि तीही मिटायची. तीनदा लिहिलं की सगळं बंद, एवढंच पोरांना माहीत. सरांच्या नियमानं सरांच्या चुकीवर असं छान पांघरूण घातलं होतं.

सर बराच वेळ आपल्या डाव्या बोटाकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. इतकी वर्षं विनंती, खात्री, निरोप म्हणून सांगत आलो, आणि प्रत्यक्षात आपण आपल्याच चुका एकेक करून घरी धाडत होतो.

"बाबा," सूनबाई हळूच म्हणाली, "सगळ्यांकडून होतं असं. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा माझ्याकडूनही झालं होतं."

"लॅबमध्ये सर," सर म्हणाले. आणि मग, "खरंच झालं होतं?"

"हो."

"मग? सापडायला किती वेळ लागला?"

तिला त्याच दुपारी सापडलं होतं. "लागला बराच," ती म्हणाली.

सरांनी ती एक ओळ लिहिली. हुकूम सापडला नाही तर सांग, आणि जा. बस, एवढीच. आता तपासायचं म्हणजे मुद्दाम चुकायला हवं. सरांनी मुद्दाम चुकीचं लिहायला घेतलं तर आयुष्यात पहिल्यांदा एल आणि एस पहिल्या फटक्याला बरोबर पडले. दुसऱ्यांदाही बरोबर पडले. शेवटी ते तिच्याकडे बघून बोलायला लागले, तेव्हा कुठं डावं बोट पूर्वपदावर आलं. असा हुकूम नाही. नंबर तोच. एक्झिट. निघतो. आणि गेलं.

"इतक्यात?" सर म्हणाले.

शुक्रवारी बाईंनी तपासनीस चालवला. चहा प्यायला जाण्याइतका वेळ त्यानं दिलाच नाही. "राहिलं सर तुमचं शेल," बाई म्हणाल्या, आणि सरांपेक्षा त्यांचाच जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला.

शनिवारी शेवटच्या तासाला सरांनी सगळं शेल फळ्यावर लिहून काढलं, ती नवी ओळ लाल खडूनं. सूनबाई मागच्या बाकावर बसली होती, कारण सोमवारपासून हा वर्ग तिच्याकडे येणार होता. सरांनी कॉम्प्युटरवर शेल चालवून दाखवलं, एक्झिट लिहिलं, ते गेलं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"सर, पाटीवर तर तीनदा लिहिलंय."

"ती पाटी माझ्या बोटांसाठी होती," सर म्हणाले. "चूक माझी होती, ती तुम्ही फेडत होतात. यापुढे एकदाच लिहा."

वर्ग हसला नाही. सर हसतील म्हणून वाट बघत होता, आणि सर हसले नाहीत. ते फळा पुसायला वळले, पण फळ्यावर शेल होतं, म्हणून डस्टर परत ठेवलं.

त्यांनी सकाळपासून एक मनाशी ठरवलं होतं. शेल सुधारलं आणि मास्तर तसाच, हे काही बरं दिसत नाही. आता ते एकदाच म्हणून जातं, तर आपणही एकदाच म्हणायचं. "निघतो," सर म्हणाले, आणि दारातून बाहेर पडले. खिडकीवरून जायला लागू नये म्हणून उलट्या बाजूच्या जिन्याकडे वळले.

जिन्याशी त्यांचा हात खिशाकडे गेला. चष्मा टेबलावर राहिला होता.

सर थांबले. पाय निघेना. परत जायला सबळ कारण होतं, एरवी छत्रीसाठी जायचे त्यापेक्षा कितीतरी चांगलं. आत मुलं असतील, फळ्यावर शेल असेल. नुसतं दारातून डोकावायचं, चष्मा उचलायचा, दोन शब्द बोलायचे. त्यांना इतकं जावंसं वाटलं की त्यांनी कठडा घट्ट धरला. मग पायऱ्या नीट दिसत नव्हत्या म्हणून तसाच कठडा धरून, एकेक पायरी चाचपत, खाली उतरले. बसचा नंबर त्यांनी कंडक्टरला विचारून घेतला.

घरी बायको बाही जोडत होती. "आज एवढ्या लवकर?" ती म्हणाली. मग तिनं मान वर केली. "चष्मा कुठाय?"

"राहिला."

"मग परत जाऊन घ्यायचा की."

"नाही गेलो."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. अर्धी बाही मशीनवर तशीच टाकून ती चहा ठेवायला उठली. हातातलं काम अर्धं टाकून उठलेली ती कुणी कधी पाहिली नव्हती. सर खुर्चीत बसून राहिले. धुरकट दिसणाऱ्या खोलीत त्यांना काही करायलाच सुचत नव्हतं.

सूनबाई आली तेव्हा उन्हं कलली होती. तिनं पिशवीतून चष्मा काढून सरांच्या हातात दिला. मग काखेतली छत्री काढून दिली. छत्रीही राहिली होती हे सरांना आत्ता कळलं.

"मुलं उठलीच नाहीत, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही गेलात तरी तशीच बसून. मी म्हटलं, सर गेले, चला आता. तर ती पुढच्या बाकावरची मुलगी म्हणते, मॅडम, अजून दोन राहिलेत."

सरांनी चष्म्याची घडी उघडली.

"पुढच्या तासाचे मास्तर दाराशी येऊन उभे. तरी कुणी हलेना. मुली रडायच्या बेतात. मग काय करणार?"

"काय केलंस?"

"दारापर्यंत गेले, परत आले, तुमची छत्री घेतली आणि म्हटलं, बरं, निघतो."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. "आणि खिडकी?"

"व्हरांड्यातून फिरून गेले. खिडकीतून डोकं घातलं, पुढच्या तासाला काय वाचून यायचं ते सांगितलं आणि तिसरं म्हटलं. मग उठली सगळी."

सर छत्री मांडीवर घेऊन बसले. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको चहाचा कप हातात घेऊन उभी होती, तिनं तो लगेच पुढे केला नाही. सरांनी छत्रीचा बंद नीट लावला.

"काय वाचून यायला सांगितलंस?"

"निघतो सरांचं शेल," सूनबाई म्हणाली, आणि मग तिनं जीभ चावली.

"असू दे," सर म्हणाले. "मला माहितीय ते नाव."